कापसाच्या भावामागची युद्धं : विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी पार्श्वभूमी

तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींकडे बहुतेक वेळा दोन वह्या असतात. एकीत आधुनिक इतिहास, म्हणजे अमेरिकेतली यादवी, दोन महायुद्धं आणि त्यांच्या सनावळ्या. दुसरीत चालू घडामोडी : आयात शुल्क, डॉलरचा दर, कच्चं तेल, जागतिक व्यापार संघटना. यवतमाळ, अकोला किंवा वर्ध्याच्या खेड्यात वाढलेल्या विद्यार्थ्याने या वह्या वेगळ्या ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्याच्या घरच्या पऱ्हाटीने दीडशे वर्षांहून जास्त काळ दोन्हीतलं सगळं एकदमच भोगलेलं आहे. पाठ्यपुस्तकात हा धागा सलग सापडत नाही, म्हणून इथे मांडतो.

सुरुवात १८५३ पासून करावी. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. तिचा खर्च निजामाने द्यायचा आणि अधिकारी मात्र इंग्रज. या फौजेच्या पगाराची बाकी वाढत गेली आणि ती वसूल करायला १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. पुढे १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने लिहून घेतलं गेलं. इथल्या काळ्या जमिनीवर इंग्रज व्यापाऱ्यांचा डोळा आधीपासून होताच. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. वाटेत पाऊस लागला की माल भिजून खराब व्हायचा.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटलं. लिंकन सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा याच दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टातून येत होता. तो आटला तसे तिथले मजूर उपाशी पडले आणि गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव काही पटींनी चढले. तो पैसा जमिनी, बँका आणि समुद्र बुजवून जागा काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये ओतला गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्यातलं सर्वांत मोठं नाव. वऱ्हाडातही ज्वारीखालची वावरं कापसाखाली जाऊ लागली.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. अटलांटिकखालून टिकणारी तार पडायला अजून एक वर्ष होतं, त्यामुळे ही बातमी आधी जहाजाने युरोपात आली आणि मग पुढे मुंबईला. ती आली तसे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे सौदे पुरे करायची मुदत भरली तेव्हा पेढ्यामागून पेढ्या बुडाल्या आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही गेली. या बुडालेल्यांत नसरवानजी टाटांची पेढीही सापडली होती. त्यांचा मुलगा जमशेदजी त्या वेळी लंडनमध्ये होता आणि त्याच्या हातातल्या कागदांना एकाएकी काही किंमत उरली नव्हती. घराण्याची घडी पुन्हा बसली तीही युद्धामुळेच : १८६८ च्या अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत इंग्रज फौजेला रसद पुरवण्याच्या ठेक्यात नसरवानजींची भागी होती. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेदजींची एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडलं ते कापसाच्या वावराजवळ गिरणी उभी राहावी म्हणून. नागपूरच्या औद्योगिक इतिहासावर प्रश्न आला की मुलं फक्त मिलचं साल लिहितात. त्यामागची ही दोन युद्धं त्या उत्तरात यायला हवीत.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तेजी संपल्यावर रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये आणि खामगावचा फाटा १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत सुरू झाला. आधल्या वर्षी सुएझचा कालवाही खुला झाला होता. म्हणजे युद्धाच्या भावाने कास्तकाराला कापसाकडे ओढलं, आणि भाव पडल्यावर त्याला तिथेच बांधून ठेवणारी सारी व्यवस्था मागाहून उभी राहिली : रूळ, जिनिंग (सरकी वेगळी काढणं), प्रेसिंग (गाठी बांधणं), दलाल, सावकार. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत घरात पुरेसं धान्य नसण्याचा अर्थ काय, तो वऱ्हाडाने भोगला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला गाडीही कापसासाठीच आली. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं.

पहिल्या महायुद्धात मार उलट दिशेने आला. ३१ जुलै १९१४ रोजी न्यूयॉर्कचा कापूस बाजार बंद झाला तो थेट नोव्हेंबरात उघडला. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम हे आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे गिऱ्हाईक काही आठवड्यांत शत्रुपक्षात किंवा शत्रूच्या ताब्यात गेले.

जपानचं प्रकरण मला सर्वांत शिकवणारं वाटतं. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरचं शुल्क वाढवलं. जपानी गिरण्यांनी उत्तर म्हणून इथला कापूस घेणं थांबवलं. १९३४ मध्ये करार झाला : जपानने दहा लाख गाठी उचलल्या तर त्याचं ३२.५ कोटी वार कापड इथे येऊ द्यायचं. कापड आणि कापूस यांची अशी थेट सांगड होती. मग जुलै १९४१ मध्ये जपानची मालमत्ता गोठवली गेली, डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि ते गिऱ्हाईक साफ संपलं. आखूड धाग्याला भाव उरला नाही. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी पेटले, तुकडोजी महाराजांना अटक झाली, हे आपण चले जाव चळवळीच्या धड्यात वाचतो. कापसाचा पडलेला भाव आणि महागलेलं धान्य याच वर्षांतलं आहे. ते दुसऱ्या धड्यात गेल्यामुळे नजरेआड राहतं.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. १९७२-७३ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कास्तकाराचा कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा. कास्तकार आणि जागतिक भाव यांच्यात काही काळ सरकार उभं राहिलं, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ती योजना गुंडाळली गेली. त्याच काळात अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देत होती त्याविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकला. इकडे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आणि व्यापार संघटनेतला, जिनिव्हातला तो खटला मी कधी एकाच पानावर पाहिला नाही. ते एकत्र वाचायला हवेत.

आता आजचा भाव. बाजार समितीत हर्रास होतो तो सरकीसकट कापसाचा, आणि न्यूयॉर्कच्या वायद्यात आकडा असतो तो रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, पौंडाला सेंटमध्ये. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा हाताने करून पाहावं. उदाहरणापुरतं, भाव ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये धरा. पौंडाचे झाले साडेएकोणसाठ रुपये, किलोचे सुमारे १३१. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, तिचे झाले साडेचार हजारांच्या आत. उरली ६२-६४ किलो सरकी. ती ३० रुपयांनी गेली तर आणखी एकोणीसशेच्या आसपास. यातून जिनिंगचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करा. सरकीचा भाव ढेप आणि तेलावर चालतो, म्हणजे खाद्यतेल महागलं तर त्याचा काही भाग कापसाच्या भावात उतरतो.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा सूर्यफूल तेल अडलं, नैसर्गिक वायू आणि पोटॅश महागलं. युरियाची ४५ किलोची पिशवी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांनाच मिळत राहिली, कारण वाढ अनुदानाने झेलली. पोटॅशची पिशवी मात्र १,७०० रुपयांपर्यंत गेली. ज्या कापसाचा साठा घरात होता त्याला त्या हंगामाच्या शेवटी १० हजारांहून जास्त भाव मिळाला. बहुतेक लहान कास्तकारांचा माल तोवर विकून झालेला होता.

याच युद्धाची पुढची कडी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. रशियाकडून तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टपासून एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीला फटका बसणार हे दिसत होतं. गिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. नेमके हेच आपल्याकडच्या वेचणीचे महिने. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता, बाहेरचा भाव त्याच्या खाली राहिला, आणि सीसीआयच्या (हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर माल द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करणं आलं. घराघरांत ही नोंदणी करून देणारी बहुतेक त्या दोन वह्यांवाली पोरंच होती.