व्यावसायिक बास्केटबॉल लीग (राष्ट्रीय, अव्वल श्रेणी)

देशातील सर्वोच्च दर्जाचे संघ दरवर्षी ठरलेल्या वेळापत्रकानुसार घरच्या आणि बाहेरच्या कोर्टवर एकमेकांशी खेळतात आणि खेळाडू हंगामभर पगारी करारावर असतात, अशी स्पर्धा. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा हा वेगळा प्रकार आहे. ती आठवडाभरात आटोपते आणि खेळाडू राज्याच्या किंवा रेल्वे, सेनादल अशा खात्यांच्या नावाने उतरतात. नागपूरला ओळख आहे ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराची.

लीगचे साचे देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या एनबीएत ३० संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात. तळाला गेला तरी संघ बाहेर पडत नाही. स्पेनमध्ये १८ संघांत ३४ फेऱ्या होतात आणि शेवटचे दोन संघ खालच्या श्रेणीत जातात. फिलिपिन्समध्ये १९७५ साली सुरू झालेल्या लीगमध्ये संघ शहरांचे नसून कंपन्यांचे असतात. आपल्याकडच्या खातेनिहाय संघांना जवळचा साचा हाच, पण भारतात तो कोणी गंभीरपणे घेतलेला दिसत नाही.

भारतात २०१५ ते २०१७ या काळात युनायटेड बास्केटबॉल अलायन्स (यूबीए) लीगचे चार हंगाम झाले. आठ संघांत महाराष्ट्राचे मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे दोन होते. विदर्भाचा एकही नव्हता. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाची इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग (आयएनबीएल) सहा संघांसह सुरू झाली आणि पहिले विजेतेपद चेन्नई हीटने मिळवले. अडचण प्रतिभेची कमी, वेळापत्रकाची जास्त आहे. चांगला खेळाडू क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेला असतो. हंगाम लांबला तर खात्याची रजा आणि ना-हरकत पत्र लागते, आणि दोन-तीन महिन्यांच्या करारासाठी कायमची नोकरी कोणी धोक्यात घालत नाही. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन्हींचे विभाग असलेल्या नागपुरात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण कोर्टची. लीगचा सामना बंदिस्त सभागृहात, लाकडी तळावर होतो. नागपूरच्या धरमपेठ-शिवाजीनगर भागातील मुले वाढतात ती उघड्या सिमेंटवर. सिमेंट चामड्याचा चेंडू खरवडते, म्हणून सरावाला रबरी चेंडू येतो. तो जास्त उसळतो आणि गुळगुळीत झाला की घामाच्या हातातून निसटतो. वाऱ्यामुळे लांबचा शॉट भरवशाचा राहत नाही, त्यामुळे खेळाडू ले-अपकडे, म्हणजे रिंगजवळ जाऊन घेतलेल्या शॉटकडे झुकतो. मग ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट मागणाऱ्या प्रशिक्षकापुढे तो अडखळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा सराव पहाटे किंवा दिवे लागल्यावरच. पावसाळ्यात ओल्या कोर्टवर घोटा मुरगळण्याची भीती वेगळीच.

नियमांपैकी लीगला स्थानिक स्पर्धेपासून सर्वांत वेगळे पाडते ते २४ सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे चेंडूचा ताबा मिळालेल्या संघाने किती वेळात शॉट घ्यायचा ते मोजणारे घड्याळ. १९५४ मध्ये एनबीएत ते आले तेव्हाचा हिशेब साधा होता: ४८ मिनिटे म्हणजे २,८८० सेकंद, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे १२० शॉट, म्हणून प्रत्येक शॉटला २४ सेकंद. आंतरराष्ट्रीय नियमांत सामना १० मिनिटांच्या चार सत्रांचा असला तरी २४ कायम आहेत.

गुण आणि वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलावर सर्वाधिक चुका याच घड्याळाच्या. शॉट हातातून सुटताच घड्याळ नव्याने लावणे ही नवशिक्या ऑपरेटरची नेहमीची चूक; चेंडू रिंगला लागेपर्यंत थांबायचे असते. फक्त बोर्डला लागला तर वेळ चालूच राहते. रिंगला लागून परतलेला चेंडू त्याच संघाने पकडला तर १४ सेकंद, प्रतिस्पर्ध्याने मिळवला तर २४. बचाव करणाऱ्याचा हात लागून चेंडू बाहेर गेला तर उरलेलीच वेळ पुढे चालते. इथे सवयीने २४ लावले की आक्रमक संघाला फुकटचे सेकंद मिळतात आणि भांडण सुरू होते. पुढच्या अर्ध्या कोर्टात बचावाचा फाउल झाला आणि कडेने चेंडू आत द्यायचा असला, तर १४ किंवा अधिक सेकंद उरले असल्यास बदल नाही. १३ किंवा कमी असल्यास १४ करावेत. सत्र संपायला २४ सेकंदांहून कमी असताना नवा ताबा मिळाला तर शॉट क्लॉक बंद ठेवतात.

गुणतक्त्यात, आंतरराष्ट्रीय पद्धतीने, विजयाला २ आणि पराभवाला १ गुण असतो. बरोबरी नसतेच, पाच-पाच मिनिटांची जादा सत्रे निकाल लागेपर्यंत चालतात. गुण समान झाले तर आधी त्या संघांतील परस्पर सामने पाहतात. तीन संघांनी एकमेकांना आळीपाळीने हरवले असेल तर त्याच सामन्यांतील बास्केटच्या गुणांचा फरक मोजतात. त्यामुळे आठ गुणांनी पुढे असलेला संघही शेवटच्या सेकंदाला शॉट घेतो आणि प्रेक्षकांना तो माज वाटतो. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे करता आले नाहीत, तर प्रतिस्पर्धी २०-० ने विजयी ठरतो आणि गैरहजर संघाला पराभवाचा तो एक गुणही मिळत नाही.