निळा घोडा भिंतीवर लावण्यापूर्वी

फ्रान्झ मार्कच्या चित्राची प्रत न्यायला आलेले बरेच जण आधी हेच विचारतात : घोडा निळा का? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र घोड्यापेक्षा त्याच्या शेजारच्या रंगांत शोधावं.

मार्क (१८८०–१९१६) हा जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार, म्हणजे दिसतं तसं न रंगवता भावना रंग-रेषांतून मांडणारा. डिसेंबर १९१० मध्ये मित्र आउगुस्ट माके याला लिहिलेल्या पत्रात त्याने रंगांना स्वभाव वाटून दिले : निळा करारी आणि आध्यात्मिक, पिवळा सौम्य आणि आनंदी, तांबडा जड आणि रांगडा. निळ्याला पुरुषतत्त्व आणि पिवळ्याला स्त्रीतत्त्वही म्हटलं. ते पटलं नाही तरी चित्राचं काही बिघडत नाही. हा तक्ता हातात धरून चित्र पाहू नका, एवढंच आमचं सांगणं.

'मोठे निळे घोडे' (१९११) घ्या. माना खाली घातलेले तीन घोडे, मागे तांबड्या टेकड्या. एरवी निळा मागे सरतो आणि तांबडा पुढे येतो. इथे जागा उलट, त्यामुळे चित्र शांत असूनही ताणलेलं वाटतं. तळव्याने टेकड्या झाकून बघा, निळा लगेच मवाळ होतो. हात काढला की पुन्हा गडद. मग मानांची गोलाई पाहा : तीच वळणं टेकड्यांतही आहेत. जनावर आणि जमीन एकाच लयीत आहेत, आणि त्या झुकलेपणातली माया चेहरे नीट न दिसताही पोचते.

त्याच वर्षीची 'पिवळी गाय' याउलट उधळलेली. तिच्या अंगावरचे निळे ठिपके पिवळ्याला आणखी पेटवतात.

'प्राण्यांचे प्राक्तन' (१९१३) नेणाऱ्यांसाठी एक खुलासा. उजवीकडचा मळकट तपकिरी भाग हा छपाईचा दोष नाही. मूळ चित्राचा हा भाग १९१६ च्या आगीत जळाला आणि चित्रकार पॉल क्लेने तो पुढे दुरुस्त केला. नवा भाग त्याने मुद्दाम मंद ठेवला. बाकीच्या चित्रात मात्र तिरक्या, धारदार रेषा आणि मान वर ताणलेलं निळं हरीण. इथे निळा अजिबात शांत नाही. वरचा तक्ता इथेच कोलमडतो.

भिंत निवडताना प्रकाश आधी पाहा. पिवळसर दिव्याखाली निळा काळवंडतो, थेट उन्हात सगळेच रंग उडतात. प्रत दोन-तीन दिवस नुसती भिंतीला टेकवून ठेवा, सकाळ-संध्याकाळ बघा आणि मगच खिळा ठोका.