हळदीचा अर्क आणि जीबीएस: बाटली उघडायच्या आधी हे वाचा

जानेवारी 2025 मधे पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा एक आजार) पेशंट एकदम वाढले, तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न सारखा येतोय, तुमच्या हळदीच्या अर्काने नसांची (म्हणजे मज्जातंतूंची) सूज उतरते का?

जीबीएसमधे होतं काय, तर बरेचदा जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेल्यावर आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, पायाला मुंग्या येतात, मग जिना चढवत नाही, आणि कमजोरी वर सरकत छातीपर्यंत गेली तर व्हेंटिलेटर लागतो. त्यामुळे असं काही जाणवलं की अर्कबिर्क नंतर, आधी न्यूरोलॉजिस्ट असलेलं हॉस्पिटल गाठा. आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडीज) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं हेच यावरचे सिद्ध उपचार आहेत आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त उपयोग होतो, म्हणून घरगुती उपाय करत थांबू नका, अगदी हात जोडून सांगतो.

आता हळदीचं. उंदरांच्या शरीरात नसांच्या आवरणातलं प्रथिन टोचून जीबीएससारखा आजार तयार करतात, आणि 2014 मधे छापलेल्या एका अभ्यासात अशा उंदरांना कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिल्यावर आजाराचा जोर कमी झाला, नसांमधे शिरणाऱ्या सूजेच्या पेशीही कमी दिसल्या. आम्हाला याचा खरंच आनंद आहे, पण उंदीर बरा झाला म्हणजे माणूस होईल असं नाही. माणसात तर कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी जातं. 1998 मधे बंगळुरूच्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर रक्तात जाणारं कर्क्युमिन जवळपास 20 पट वाढलं, म्हणूनच बऱ्याच कॅप्सूलमधे मिरी असते. पण तेच पायपरीन फेनिटोइन, कार्बामाझेपिन अशा फिट्सवरच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं, आणि नसांच्या दुखण्यासाठी यातल्या गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कर्क्युमिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

काहीजण सोबत गुळवेल मागतात. ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटण्याचा, त्रास असलेल्यांना आम्ही ती देत नाही, कारण ती प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानलं जातं आणि 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवलेत.

जीबीएससाठी म्हणून कोणी आमची बाटली घेतली असेल तर सील न तोडता परत आणा, पैसे परत मिळतील. आणि रिकव्हरीत अर्क घ्यायचाच असेल तर बाटली तशीच डॉक्टरांकडे न्या, कर्क्युमिन आणि पायपरीन किती आहे ते लेबलच्या मागच्या बाजूला लिहिलंय.