मुक्काम इंटरलाकेनलाच का? स्वित्झर्लंडला निघालेल्या आमच्या प्रवाशांसाठी

आमच्या स्वित्झर्लंड सहलीत चार रात्री इंटरलाकेनला असतात. "डोंगर बघायला चाललोय, मग वरच्या गावातच राहू की," असं बुकिंगच्या वेळी बरेच जण म्हणतात. म्हणणं रास्त आहे. तरीही आम्ही खोऱ्यात राहायचा आग्रह धरतो, आणि त्याचं मुख्य कारण हवामान.

युंगफ्राउयोख हे युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. आकाश मोकळं असेल तर आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, आलेच, समोर पसरलेली दिसते. ढग उतरले तर हाताच्या अंतरावरचंही दिसत नाही, आणि तिकीट मात्र तेवढंच महाग. म्हणून वर जायचा दिवस आम्ही पुण्या-मुंबईत बसून पक्का करत नाही. चारपैकी जो दिवस स्वच्छ निघेल तो युंगफ्राउयोखचा. तिथलं थेट चित्र कॅमेऱ्यातून सकाळी मोबाइलवर बघता येतं, ते बघूनच निघायचं. हंगामात वरच्या गाडीत जागा राखून ठेवावी लागते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी अंदाज बघून आम्ही तुमच्याशी बोलतो.

उरलेल्या दिवसांसाठी इंटरलाकेनसारखी जागा नाही. थुन आणि ब्रिएंझ या दोन तलावांच्या मधल्या सपाट पट्टीवर, आरे नदीकाठी हे गाव वसलंय. वर ढग असले तरी ब्रिएंझच्या तलावात बोट चालू असते. लाउटरब्रुनेन या खोऱ्यातल्या गावाजवळचे ट्रुमेलबाखचे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत, तिथे पावसाने काही बिघडत नाही. (चार वर्षांखालच्या मुलांना मात्र आत सोडत नाहीत.) बर्न शहर रेल्वेने तासाभराच्या आत.

स्टेशनं दोन आहेत, नीट लक्षात ठेवा

बर्नकडून येताना आधी 'वेस्ट' लागतं, मग 'ओस्ट', म्हणजे पूर्व. आपल्याला उतरायचंय ओस्टला. मोठ्या रुळांवरच्या गाड्या तिथे संपतात आणि डोंगराकडे जाणारी मीटरगेज गाडी तिथूनच सुटते. ही लाइन १८९० सालची. गाडी एकच दिसली तरी ती त्स्वाइल्युत्शिनेन स्टेशनवर दुभंगते: अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे शेजारच्या खोऱ्यातल्या ग्रिंडेलवाल्ड गावाला. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. कुटुंबातली माणसं दोन वेगळ्या डब्यांत बसली तर दोन वेगळ्या खोऱ्यांत पोचतील. बोटींचंही तसंच आहे, थुनच्या तलावाची बोट वेस्टहून आणि ब्रिएंझची ओस्टहून.

वर जायचा दिवस

जाताना ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला उतरून 'आयगर एक्सप्रेस' गोंडोला, म्हणजे केबलकार, घ्यायचा. डिसेंबर २०२० मध्ये तो सुरू झाल्यापासून आयगरग्लेचर स्टेशनपर्यंतचा टप्पा पंधरा मिनिटांत होतो. पुढे बोगद्यातली रेल्वे. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाने ती आखली, १८९६ मध्ये काम सुरू झालं, तो १८९९ मध्ये वारला आणि गाडी वरपर्यंत पोचली १९१२ मध्ये. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या आतून खोदलेला हा मार्ग आहे. वर जाताना आइसमेअरला गाडी काही मिनिटं थांबते, तिथे उतरून खिडकीतून हिमनदी जरूर बघा. परतताना रेल्वेनेच क्लाइने शाइडेग, वेंगेन, लाउटरब्रुनेन असं उतरा. वेळ जास्त लागतो, पण आमच्या मते दिवसातला सर्वांत सुंदर भाग हाच. वेंगेनमध्ये मोटारींना बंदी आहे, तिथे तासभर तरी थांबाच.

उंचीबद्दल स्पष्ट सांगतो. इंटरलाकेन साधारण पुण्याच्या उंचीवर आहे, त्यामुळे तिथे काही त्रास होत नाही. युंगफ्राउयोख मात्र कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि आपण तिथे दोनेक तासांत पोचतो. डोकं जड होणं, धाप लागणं स्वाभाविक आहे. सावकाश चाला, पाणी पीत राहा, पायऱ्यांऐवजी लिफ्ट घ्या. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, सोबत तान्हं बाळ असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवस ठरवू नका. न जाणाऱ्यांसाठी १३२२ मीटरवरचं हार्डर कुल्म हे ठिकाण आहे, गावातूनच फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने) जाता येतं आणि दोन्ही तलाव एका नजरेत येतात.

मे महिना की दिवाळी?

मेच्या सुट्टीत बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो. पण शिनिगे प्लाटे या डोंगरावर जाणारी जुनी गाडी सहसा तेव्हा सुरू झालेली नसते आणि उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतं. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर आम्ही सुचवत नाही. उन्हाळी हंगाम संपलेला, हिवाळी सुरू व्हायचा, वरच्या गावांतली बरीच हॉटेलं बंद, काही केबलकार दुरुस्तीला.

खाणंपिणं

इंटरलाकेनमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, वरच्या गावांत शाकाहारी माणसाची पंचाईत होते. भडंग, चकल्या, तेलातल्या दशम्या, कोरड्या चटण्या खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप नको: युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका. खोलीत शेगडी लावू नका, धुराचा अलार्म वाजतो.

गावाच्या मधोमध होएमाटे नावाचं मोठं कुरण आहे. १८६४ मध्ये हॉटेलवाल्यांनी आणि काही नागरिकांनी मिळून ते विकत घेतलं आणि त्यावर कधीच बांधकाम होणार नाही अशी व्यवस्था केली. म्हणून आजही रस्त्यावरून थेट युंगफ्राउ शिखर दिसतं आणि पॅराग्लायडर तिथेच उतरतात. आपल्या मंडळींनी तिथे कचरा टाकू नये ही मनापासून विनंती. जवळच कुरसाल या जुन्या कॅसिनो-सभागृहाच्या बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे.

हॉटेलात मिळणारं गेस्ट कार्ड सोबत ठेवा, गावातली बस त्यावर फुकट आहे. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा देशभरचा रेल्वे-बस-बोट पास) ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनपर्यंत पूर्ण चालतो. पुढे युंगफ्राउयोखसाठी सवलतीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते आमच्या दरात आहे की नाही हे पैसे भरण्याआधी आम्हाला विचारून घ्या. गुडघ्यांचं दुखणं, पथ्य, औषधं याची माहिती व्हिसाच्या कागदांबरोबरच द्या, म्हणजे खोली आणि गाड्यांच्या वेळा त्याप्रमाणे ठरवता येतील.