पहिला होमब्रू गेम

होमब्रू म्हणजे ज्या कन्सोलचं (टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याचं) प्रॉडक्शन कधीच बंद झालंय त्याच्यासाठी, कंपनीचं लायसन वगैरे न घेता, घरी बसून हौसेने बनवलेला नवा गेम. जुन्या गेममधल्या हिरोला वेगळी टोपी घातली तर तो रॉम हॅक, होमब्रू नाही. ही नोंद निन्टेंडोचा जुना कन्सोल फॅमिकॉम धरून लिहिली आहे, कारण नव्वदच्या दशकात ठाण्यात आणि नवी मुंबईत ज्याला सगळे नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे आणि मे महिन्यात ज्याच्यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या तो डबा बहुतेक वेळा फॅमिकॉमचाच क्लोन, म्हणजे नक्कल, असायचा. ओरिजनल मशीन निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये जपानात आणलं. कार्ट्रिजला आपल्याकडे कॅसेट म्हणायचे, चालली नाही की फुंकर. याच मशीनच्या अमेरिकेतल्या अवताराला, एनईएसला, असते तशी लॉकआउट चिप (परवानगी नसलेली कॅसेट चालू न देणारी) फॅमिकॉमला नाही, त्यामुळे ६० पिनांच्या स्लॉटमध्ये घरची कॅसेट लावली तरी ते कुरकुर करत नाही.

आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची रॅम २ केबी, चित्रांसाठी वेगळी २ केबी. गुणाकार-भागाकार याला येत नाही, बेरीज, वजाबाकी, शिफ्ट यावर भागवायचं. सगळ्यात साध्या कॅसेटमध्ये प्रोग्रामला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी मिळतात, पहिल्या गेमने यातच राहावं. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स या ४० केबीत बसलाय, त्यातले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. असेंब्ली (प्रोसेसरची स्वतःची भाषा) झेपत नसेल तर सीसी६५ कंपायलर घेऊन सी भाषेत लिहिता येतं, वेग थोडा जातो, पहिल्या गेमला काही फरक पडत नाही.

खरी मजा (आणि डोकेदुखी) स्प्राइटची. समजा गेम असा की ठाणे स्टेशनच्या पुलावरून धावत उतरून ९-१० नंबरवरची वाशी लोकल सुटायच्या आत पकडायची. ऐरोलीत राहणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय. हलणारं चित्र म्हणजे स्प्राइट, ८ बाय ८ पिक्सेलचा किंवा ८ बाय १६ चा, एकूण ६४ मिळतात पण एका आडव्या रेषेवर फक्त ८. माणूस माणसासारखा दिसावा म्हणून १६ पिक्सेल रुंद काढला की एका माणसाला शेजारी-शेजारी दोन स्प्राइट लागले, म्हणजे प्लॅटफॉर्मवर एका वेळी चार माणसं, तीही हिरो धरून. संध्याकाळी साडेसहाला, ठाण्याला, चार माणसं! पाचवा आला की मशीन त्याला दाखवतच नाही. उपाय म्हणून दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवतात, मग एकच माणूस कायमचा गायब न होता सगळे आळीपाळीने लुकलुकतात. किंवा गर्दी बॅकग्राउंडच्या टाइल्समध्येच (८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांत) काढायची, तिला ही मर्यादा नाही, फक्त ती जागची हलत नाही. मला हेच बरं वाटतं, त्या वेळी ९-१० वर तसंही कोण हलतंय.

बॅकग्राउंडचंही एक नाटक आहे. १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनाला एकच पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, त्यात तीन रंग आणि एक सगळ्यांना कॉमन, त्यामुळे स्टेशनचा पिवळा बोर्ड आणि बाजूचा लाल इंडिकेटर या चौकोनांच्या हिशोबाने सरकवावे लागतात.

मराठी अक्षरं हा तर वेगळाच विषय. इंग्रजी अक्षर एका ८ बाय ८ टाइलमध्ये मावतं, आपल्याला वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, म्हणून उंचीला दोन टाइल्स लागतात. एक टाइल १६ बाइटची आणि बॅकग्राउंडला एकूण २५६, त्यातच स्टेशन, गाडी, गर्दी सगळं. पूर्ण बाराखडीचा फॉन्ट करायच्या फंदात पडू नये, गेम तिथेच राहतो. 'ठाणे', 'सुरू करा', 'गाडी सुटली' एवढे शब्द चित्रासारखे काढावेत, फक्त शिरोरेषा सगळ्या टाइल्समध्ये एकाच ओळीच्या पिक्सेलवर हवी, नाहीतर 'ठा' आणि 'णे' मध्ये पायरी दिसते.

टेस्टिंग आधी एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम), एफसीईयूएक्स किंवा मेसेन, पण तिथे चाललं म्हणजे झालं असं नाही. माझ्या पहिल्या गेमला एम्युलेटरवर तीन लाइफ बरोबर दिसायच्या आणि स्कोअर शून्यापासून सुरू व्हायचा, खऱ्या डब्यावर लावला तर पहिल्याच क्षणाला स्कोअर हजारांत! आधी वाटलं पिना खराब, म्हणून खोडरबरने घासल्या, फुंकर मारली, दोन रविवार गेले. कारण असं की पॉवर चालू केल्यावर रॅममध्ये काहीही कचरा असू शकतो, माझा एम्युलेटर मात्र ती शून्य करून द्यायचा आणि लाइफ मी भरल्या होत्या, स्कोअर भरायचा राहिला होता. सुरुवातीलाच सगळी रॅम पुसणारा छोटा लूप टाकला आणि प्रश्न मिटला.

खऱ्या कॅसेटसाठी एक ३२ केबीचा आणि एक ८ केबीचा ईप्रॉम (प्रोग्राम भरायची मेमरी चिप) लागतो, ते लॅमिंग्टन रोडला शोधावेत. जुनी स्वस्तातली कॅसेट फोडून चिप बदलू असं वाटत असेल तर आधी स्क्रू काढून बघा, बऱ्याचदा आत चिप नसतेच, बोर्डवर नुसता काळा थेंब असतो, त्याचं काही करता येत नाही. फ्लॅश कार्ट, म्हणजे मेमरी कार्ड घेणारी कॅसेट, महाग पडतं, पण त्यात मेमरी कार्डवर फाइल टाकली की काम झालं. आणि क्लोन ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम दाखवणारा, असेल तर ६० धरून लिहिलेला गेम साधारण सहाव्या हिश्श्याने हळू चालतो, म्हणजे वाशी लोकल थोडी उशिरा सुटते.