फाइल बदलली नाही, पण वाचली कोणी?

एस्टोनियातल्या रुग्णाने सरकारी आरोग्य पोर्टल उघडले की रक्ताचे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या दिसतातच, शिवाय आपली फाइल कोणी आणि केव्हा उघडली होती, हेही दिसते. सुमारे १३ लाख वस्तीच्या या बाल्टिक देशात ही व्यवस्था २००८ पासून चालू आहे. २०१६ मध्ये तिला गार्डटाइम या कंपनीचे ब्लॉकचेन, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या नोंदींच्या साखळीचे, तंत्र जोडायचे ठरले आणि ‘एस्टोनियातल्या रुग्णांच्या फायली आता ब्लॉकचेनवर’ अशा बातम्या जगभर झळकल्या.

बातमी अर्धीच खरी होती, कारण फायली साखळीवर ठेवलेल्याच नाहीत. तिथे असतात त्यांचे ‘हॅश’, म्हणजे गणिताने काढलेले ठसे. फाइल एका पानाची असो वा पाचशे, ठशाची लांबी तेवढीच राहते. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे’ मधल्या ‘आहे’चे कोणी ‘नाही’ केले, तर सगळा ठसाच बदलतो आणि लबाडी उघडी पडते. उलट, ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. असे ठसे एकात एक गुंफत गेले की मागची एक कडी बदलायला पुढच्या साऱ्या बदलाव्या लागतात. ही युक्ती बिटकॉइनहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या अमेरिकी संशोधकांनी ती १९९१ मध्ये मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीचे ठसे न्यूयॉर्क टाइम्समध्ये चक्क छापून येऊ लागले. घरोघर पोचलेला अंक मागाहून कोण बदलणार?

एस्टोनियाला फेरफाराची धास्ती वाटावी, याला कारण होते. २००७ मध्ये तिथल्या बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठा सायबर हल्ला झाला होता. पण सामान्य रुग्णाला खुपते ते वेगळेच. आपल्या रिपोर्टातला आकडा कोणी बदलेल, या विचाराने फारशी कोणाची झोप उडत नाही. साहेबाला, सासरच्यांना किंवा विमा कंपनीला कळले तर, ही खरी भीती. समुद्रापलीकडच्या फिनलंडमध्ये २०२० साली तेच उघडकीस आले. वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या कंपनीकडून हजारो रुग्णांच्या नोंदी आधीच चोरीला गेल्या होत्या आणि आता चोराने थेट रुग्णांनाच धमकीचे ईमेल पाठवले. खंडणी मागितली बिटकॉइनमध्ये! त्या नोंदींवर उत्तम साखळी असती तरी उपयोग शून्य, कारण नोंदी कोणी बदलल्याच नव्हत्या, नुसत्या उचलून नेल्या होत्या.

म्हणून मला वाटते, या तंत्राची खरी जागा फाइल कोणी पाहिली याच्या यादीपाशी आहे. ही यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानेच शेजाऱ्याची फाइल चाळली आणि आपली ओळ गुपचूप पुसली तर? साखळीत ते खपत नाही. अर्थात यादी पाहून जाब विचारता येत नसेल, तर तीही शोभेचीच.

या न पुसण्याचीच दुसरी बाजू युरोपात अडचणीची ठरते. तिथल्या २०१८ पासूनच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने नागरिकाला काही परिस्थितींत स्वतःची माहिती खोडून मागण्याचा हक्क दिला आहे. साखळीवर ठसेच ठेवून मजकूर बाहेर ठेवला की पेच बराचसा सुटतो, पण ठसा हीसुद्धा वैयक्तिक माहितीच का, यावर कायदेपंडित भांडतातच. डॉक्टरांचा प्रश्न साधा असतो: चुकीचे निदान लिहिले गेले तर? खोडायचे नाही, खाली दुरुस्ती जोडायची. मात्र जुनी ओळ तशीच राहणार, हे अनेकांना पचत नाही.

आपल्याकडचे आभा हे सरकारी डिजिटल आरोग्य खाते ब्लॉकचेनवर उभे नाही. नोंदी त्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे जातात. कोणत्या नोंदी, कशासाठी आणि किती काळ, हे त्या संमतीत लिहिलेले असते आणि ती मागेही घेता येते. पण ओपीडीच्या रांगेत, मागचा माणूस घाई करत असताना, मोबाइलवरचा तो मजकूर वाचून ‘मान्य’ दाबणारे किती असतील?