शीघ्र जैवविविधता सर्वेक्षण

एखाद्या फारशा अभ्यास न झालेल्या प्रदेशात तज्ज्ञांची छोटी तुकडी साधारण तीन-चार आठवडे मुक्काम करते, ठरावीक जीवगटांची नोंद घेते आणि तो प्रदेश राखण्याजोगा आहे का, असल्यास कोणता भाग आधी, हे निर्णय घेणाऱ्यांना लगेच सांगते. या पद्धतीला शीघ्र जैवविविधता सर्वेक्षण म्हणतात. उष्णकटिबंधातील जंगले, नद्या आणि प्रवाळखडक यांच्यासाठी ती प्रामुख्याने वापरली जाते. तिथल्या एका डोंगररांगेची पूर्ण यादी करायला दशके लागतात, आणि तोपर्यंत रस्ता, करवत व खाण तिथे पोहोचलेली असते.

या पद्धतीला शिस्तबद्ध रूप आले ते 1990 साली. कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या निसर्गसंवर्धन संस्थेने त्या वर्षी ‘रॅप’ हा शीघ्र मूल्यांकन कार्यक्रम सुरू केला. कल्पना मांडणाऱ्यांत नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ आणि हाडाचे पक्षीप्रेमी मरे गेल-मान हेही होते. पहिल्या तुकडीत पक्षीतज्ज्ञ टेड पार्कर, वनस्पतितज्ज्ञ आल्विन जेन्ट्री व रॉबिन फॉस्टर आणि सस्तनप्राण्यांच्या अभ्यासक लुईझ एमन्स होत्या. त्यांची पहिली मोहीम बोलिव्हियातील आल्तो मादिदी भागात निघाली. अँडीजच्या उतारापासून ॲमेझॉनच्या सखल जंगलापर्यंत उतरत जाणारा हा पट्टा किती समृद्ध आहे, हे त्यांच्या अहवालाने दाखवून दिले. 1995 मध्ये तिथे सुमारे 19,000 चौ. किमी.चे मादिदी राष्ट्रीय उद्यान झाले.

‘शीघ्र’ या शब्दाने गैरसमज होऊ शकतो. काम आठवड्यांत उरकते, कारण ते करणाऱ्यांनी त्यामागे अर्धे आयुष्य घातलेले असते. पार्कर यांना पक्ष्यांच्या सुमारे 4,000 प्रजाती आवाजावरून ओळखता येत. दाट वर्षावनात दिसणाऱ्या पक्ष्यांपेक्षा ऐकू येणारे कितीतरी जास्त. उजाडायच्या आधी ध्वनिमुद्रक घेऊन उभे राहायचे, पहाटेचा कल्लोळ टिपायचा आणि त्यातला एकेक आवाज सुटा करायचा, ही त्यांची रीत. नवख्या माणसाला तिथे नुसता गलका ऐकू येतो. जेन्ट्री यांनी हयातीत सुमारे 80,000 वनस्पती-नमुने गोळा केले. फूल-फळ नसलेली फांदीसुद्धा पान चुरगळून, वास घेऊन, सालीला चीर देऊन ते कोणत्या कुळातली ते ओळखत. प्रत्येकी 50 मीटर लांब व 2 मीटर रुंद अशा दहा पट्ट्यांत, म्हणजे एक दशांश हेक्टरात, किमान अडीच सेंटीमीटर जाडीचे प्रत्येक खोड मोजायचे, ही त्यांची पद्धत आजही ‘जेन्ट्री ट्रान्सेक्ट’ म्हणून रूढ आहे.

3 ऑगस्ट 1993 रोजी इक्वेडोरमध्ये हवाई पाहणी करताना विमान कोसळून पार्कर आणि जेन्ट्री दोघेही मृत्युमुखी पडले. पार्कर 40 वर्षांचे होते, जेन्ट्री 48 वर्षांचे. कुठल्याही वहीत न उतरलेले त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. असे ज्ञान दोन-चार माणसांत साठून राहणे हा या पद्धतीचा सर्वांत मोठा धोका आहे. म्हणूनच त्या-त्या देशातील तरुण संशोधकांना आणि स्थानिक वाटाड्यांना तुकडीत घेणे हा सर्वेक्षणाचा गाभाच मानला पाहिजे.

छावणीतले काम चोवीस तास चालते. पहाटे पक्षी व वटवाघळे पकडायची बारीक जाळी (मिस्ट नेट) उघडतात, दिवसा झाडांची मोजणी होते, रात्री कपाळावर दिवा बांधून ओढ्याकाठी बेडूक शोधतात. जमिनीत पुरलेल्या पेल्यांत शेणकिडे पडतात, पालापाचोळा चाळून मुंग्या वेगळ्या करतात, कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल होताच आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, मोठ्या प्राण्यांची वाट पाहतात. दमट हवेत वनस्पती वाळत नाहीत, म्हणून नमुने वर्तमानपत्रात गुंडाळून अल्कोहोलमध्ये भिजवून ठेवतात आणि वाळवण्याचे काम परतल्यावर करतात.

यादी कधीच पूर्ण नसते, त्यामुळे न दिसलेल्यांचाही अंदाज बांधावा लागतो. समजा बेडकांच्या 40 प्रजाती सापडल्या. त्यांतल्या 12 फक्त एकदा दिसल्या, 4 दोनदा. संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांच्या सूत्राप्रमाणे 12चा वर्ग भागिले 4ची दुप्पट, म्हणजे 18 प्रजाती अजून निसटलेल्या असाव्यात, आणि तेही किमान. एकेकदाच दिसलेल्यांची संख्या मोठी असेल, तर शोध अर्धवट आहे असे समजावे.

शिकागोच्या फील्ड म्युझियम या निसर्गविज्ञान संग्रहालयाने या पद्धतीला गावकऱ्यांशी चर्चेची जोड दिली. लोक जंगल कसे वापरतात, कसे राखतात, हेही त्यांच्या अहवालात असते. त्यांनी 2000 साली पेरूच्या कोर्दियेरा आसुल रांगेची पाहणी केली आणि पुढच्याच वर्षी तिथे सुमारे 13,500 चौ. किमी.चे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. समुद्रातही हीच रीत चालते. इंडोनेशियातील राजा आम्पात इथे 2001 मध्ये मत्स्यतज्ज्ञ गेराल्ड ॲलन यांनी पाण्याखालच्या एकाच बुडीत माशांच्या 283 प्रजाती मोजल्या.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. कोरड्या महिन्यात गेलेल्या तुकडीला पहिल्या पावसात ओरडणारे बेडूक मिळत नाहीत, स्थलांतरित पक्षी हुकतात, झाडांच्या शेंड्यांवरचे जग बरेचसे वरच राहते. ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘तिथे नाही’ असा कुणी लावला, तर हाच अहवाल जंगलाच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. संख्या घटते आहे की वाढते आहे, हेही एका फेरीत कळत नाही; त्यासाठी दीर्घकालीन निरीक्षणच हवे.

शिवाय शोध लागला तरी नामकरण सावकाशच होते. इंडोनेशियाच्या पापुआतील फोजा पर्वतात 2008च्या मोहिमेत लांब नाकाचा एक बेडूक छावणीतल्या तांदळाच्या पोत्यावर बसलेला सापडला. ‘लिटोरिया पिनोकिओ’ हे शास्त्रीय नाव त्याला 2019 मध्ये मिळाले.

आता पाण्यातल्या डीएनएवरून प्रजाती ओळखता येतात आणि स्वयंचलित ध्वनिमुद्रक महिनोन्‌महिने जंगलात ऐकत राहतात. पण टिपलेला आवाज कुणाचा, हे सांगायला आधी कुणीतरी तो ओळखून ठेवलेला असावा लागतो. पार्कर यांची 10,000हून अधिक ध्वनिमुद्रणे कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररी या ध्वनिसंग्रहालयात जपून ठेवली आहेत.